नागोजी अण्णांच्या लॉरीचा आवाज

माझ्या लग्नात माझे सासरे मांडवाच्या दारात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. नागोजी अण्णा त्यांच्यासमोर आले, डोळे मिटले, उजवा कान पुढे केला, आणि सासऱ्यांचं "या, या, बसा" पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या आवाजाला अर्थिंग नाही. घरघर येते."

सासरे हुबळीचे. बेंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यांत स्वागताची हीच रीत असेल, असं समजून त्यांनी हात जोडले. सासूबाईंनी मात्र ते मनात ठेवलं. पुढे चार वर्षं त्या मला विचारत, "तुमचे ते घरघरवाले शेजारी बरे आहेत ना?"

अण्णा आमचे शेजारी. कॉटनपेटेत त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. तेव्हा आमच्या राज्याचं नाव म्हैसूर होतं, गल्लीत एकच रेडिओ होता, आणि आवाज या विषयात गल्लीत एकच माणूस होता. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले, असं आमच्या समाजाच्या प्रत्येक सभेत सांगतात. कोणाचेही पूर्वज चालत आलेले नाहीत. अण्णांचं मत थोडं वेगळं होतं. ते म्हणत, "घोडेच आले असतील. म्हणून तर आपल्या लोकांचे आवाज असे."

माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे. चिकपेटेतला कापडवाला म्हणजे 'तो फाटका', पोस्टमन म्हणजे 'नुसती शिट्टी', आणि समाजाचे चिटणीस म्हणजे 'रिकामा डबा'. माझ्याविषयी ते चांगलं बोलत. "माधवा, तुझा आवाज सरी आहे, एकदम ठीक. स्वच्छ आहे. फक्त तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." मी चिकपेटेत एका पेढीवर पत्रं लिहिण्याचं काम करत असे. त्यामुळे या निदानात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

त्यांचा धंदा लॉरीचा. लढाई संपल्यावर मिलिटरीने काढून टाकलेली एक लॉरी त्यांनी घेतली होती. देवनहळ्ळीहून चकोते, म्हणजे तुमच्याकडची पपनसं, भरून बेंगळूरच्या मार्केटात आणायचे. उरलेल्या दिवसांत लग्नं, उत्सव, सिनेमाच्या जाहिराती. त्यासाठी त्यांनी लॉरीच्या टपावर दोन भोंगे बसवले आणि जुन्या बाजारातून रेडिओचा एकेक व्हॉल्व आणून स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर जोडला. तो ठेवला ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. व्हॉल्व तापले की सीट तापे. मी एकदा हौसेने त्यांच्याबरोबर मार्केटपर्यंत गेलो आणि पुढचे दोन दिवस पेढीवर उभ्याने पत्रं लिहिली.

"स्वल्प तापतं," अण्णा म्हणाले. "पण आवाज बघ ना."

आवाज असा होता की इंजिन चालू केलं की तेही भोंग्यातून बोले. अण्णांनी एका सिनेमाची जाहिरात गावभर फिरवली, तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, नवी पिठाची गिरणी उघडते आहे. दुसरा कोणी असता तर लॉरी थांबवून जाहिरात केली असती. अण्णांनी निदान केलं, "अर्थिंग नाही."

आता लॉरी चार रबरी चाकांवर उभी. तिला अर्थिंग कुठून देणार? अण्णांनी मागच्या बाजूला एक जाड लोखंडी साखळी बांधली आणि तिचं टोक रस्त्यावर सोडलं. साखळी खणखणत लॉरीमागे फरफटू लागली, तिच्यामागे गल्लीतली कुत्री धावू लागली. साखळी बांधलेली गाडी म्हणजे पेट्रोल वाहणारा टँकर, हे मात्र सगळ्या शहराला माहीत होतं. अण्णांची लॉरी दिसली की चहाच्या टपरीवरची माणसं भराभर बिड्या विझवू लागली. भोंग्यातून चाललेली लग्नाची सनई ऐकत लोक दोन्ही बाजूंच्या गटारांपलीकडे उभे राहत. एका लग्नात वराचे काका शेवटी म्हणाले, "अण्णा, वरातीत कोणी यायलाच तयार नाही हो!"

साखळीने घरघर गेली नाहीच. तीन महिन्यांनी अण्णांनी ॲम्प्लिफायरला वेगळी बॅटरी दिली, तांब्याची पट्टी लॉरीच्या सांगाड्याला घट्ट जोडली, आणि भोंग्यातलं इंजिन गप्प झालं. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे, असं विचारलं तर म्हणाले, "शांततेचे."

पण शांतता झाली, तसं त्यांना भोंगे ऐकू येऊ लागले.

"हे नाकात बोलतात रे," ते एकदा अंगणात येऊन मला म्हणाले. चेहरा घरात कोणी आजारी असल्यासारखा. "भोंगा म्हणजे सर्दी झालेला हवालदार. ओरडतो जोरात, पोट नाही. आवाजाला पोट पाहिजे, माधवा. वरचं कान ऐकतो. खालचं अंग ऐकतं."

मग त्यांना पोटाने झपाटलं. वीणा करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ते सहा महिने जाऊन बसले. वीणेला फणसाचं लाकूड लागतं, ते का, कुठलं, किती वर्षं वाळवलेलं, हे सगळं विचारून घेतलं. त्या दिवसांत ते दिसेल ते लाकूड बोटाच्या पेराने ठोकून पाहत आणि कान लावत. आमचं कपाट ठोकलं, पाळणा ठोकला. आमच्या देवघराचं दार ठोकून क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, "हे मला देतोस?" मी नाही म्हटलं. पुढे आठवडाभर ते देवाला नमस्कार करायला म्हणून येत आणि दाराकडे बघून जात.

शेवटी फणसाच्या फळ्यांचा एक खोका तयार झाला. उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, रुंदीला दोन माणसांचा. त्यात मोठे कागदी कोनाचे दोन स्पीकर. आवाज आत घुमू नये म्हणून आतून सगळीकडे कापूस भरायचा होता. आमच्या पेटेचं नावच कापसाचं, पण अण्णांना बाजारातला कापूस पसंत पडेना. त्यांच्या मते वापरलेला कापूस जास्त समजूतदार असतो. तेव्हा घरातल्या चार उशा आणि एक गादी नाहीशी झाली. रुक्मिणी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भिंतीपलीकडून माझ्या बायकोला सांगत होत्या, "आमच्याकडे माणसं चटईवर झोपतात. गादीवर लॉरी."

ॲम्प्लिफायरही सीटखालून निघून खोक्यामागे गेला. लॉरीचा एक तृतीयांश भाग या दोघांनीच व्यापला आणि चकोते तेवढे कमी मावू लागले. मी म्हटलं, "अण्णा, मालाचं काय?"

"माल काय, बैलगाडीसुद्धा वाहते," अण्णा म्हणाले.

पहिली चाचणी आमच्या गल्लीत झाली. स्वतः अण्णा माइकमध्ये कधी बोलत नसत. त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "वाच काहीही." माझ्या खिशात पेढीवरची एक जाहीर नोटीस होती, ती मी वाचली. पहिल्या वाक्याला दोन्हीकडची दारं उघडली. बायका हात पुसत बाहेर आल्या आणि एकमेकींना विचारू लागल्या, "कोण आलंय? कोणाकडे आलंय?" लॉरी बोलते आहे, हे कोणाच्या ध्यानातच येईना. शेजारी उभं राहून कोणी माणूस बोलावा तसा तो आवाज होता. मला स्वतःला त्या दिवशी प्रथमच कळलं की मी श आणि ष एकसारखेच म्हणतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे नगरपालिकेची निवडणूक आली.

आमच्या भागातून तिमोजीराव वकील उभे होते. आधी दोनदा निवडून आलेले, समाजाचे आधारस्तंभ. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांवर त्यांचं सारखंच प्रभुत्व होतं, म्हणजे दोन्हींत त्यांचं वाक्य संपत नसे. आजवर ते भोंग्यांतून गरजले होते. भोंग्यातून मेघ गडगडल्यासारखा आवाज येई आणि लोक टाळ्या वाजवत. ते काय म्हणाले, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

यंदा समाजाने अभिमानाने अण्णांची नव्या खोक्याची लॉरी लावली. तिमोजीरावांचे कागद धरायला मला लॉरीत चढवलं. पहिली सभा आमच्याच नळाच्या कोपऱ्यावर. तिमोजीराव उभे राहिले, घसा साफ केला, आणि तो घसासुद्धा इतका सुरेख ऐकू आला की लोक आपोआप गप्प झाले. ते ऐकू लागले. सगळा घोटाळा तिथे झाला.

"बंधू-भगिनींनो," तिमोजीराव म्हणाले, "गेली काही वर्षं मी आपल्या भागातल्या पाण्याच्या प्रश्नाकडे अत्यंत गांभीर्याने पाहत आलो आहे. आपण मला पुन्हा निवडून दिलंत, तर यापुढेही मी त्याच गांभीर्याने त्याकडे पाहत राहीन!"

इथे टाळ्या पडायच्या. पडल्या नाहीत. नळापाशी घागर घेऊन बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अय्यो, हा एवढंच म्हणत होता होय?"

तिमोजीरावांनी दचकून खोक्याकडे पाहिलं. आपल्या नावाने दुसरंच कोणी बोलतंय की काय, अशी त्यांची मुद्रा झाली. मग त्यांनी आवाज चढवला. खोक्याने तोही जसाच्या तसा, स्वच्छ, सगळ्या शब्दांसकट लोकांपर्यंत पोचवला. रस्त्यांबद्दल ते म्हणाले की रस्ते हे रस्तेच असतात. शाळेबद्दल म्हणाले की शाळा ही काळाची गरज असून काळ बदलत आहे. गर्दीतल्या एका शिंप्याने विचारलं, "म्हणजे काय?" असा प्रश्न आमच्या भागातल्या सभेत त्यापूर्वी कोणी विचारला नव्हता.

सभा आटोपून तिमोजीराव खाली उतरले. घामाघूम झाले होते.

"नागोजी, भोंगे लाव."

"भोंगे मोडीत दिले, साहेब."

"मग ह्याच्यात काहीतरी कर. आधी कसा गाजायचा आवाज!"

"तो तुमचा आवाज नव्हता, साहेब. पत्र्याचा होता. हा तुमचा आहे."

"मला लोकांना ऐकू जायचं नाहीये, नागोजी! मला गाजायचंय!"

अण्णांनी थोडा विचार केला. "मग ढोलवाला बघा," ते म्हणाले. "मी आवाज बिघडवून देत नाही."

ठरलेला सौदा मोडायला वेळ नव्हता. दुसरी लॉरी मिळेना. उरलेल्या आठ गल्ल्यांत तिमोजीराव त्याच खोक्यातून बोलले आणि आठही गल्ल्यांना ते कळले. निकालाच्या दिवशी ते पडले.

समाजाची तातडीची सभा भरली. चिटणीसांनी ठराव मांडला की नागोजीराव यांच्या लॉरीमुळे समाजाची अपरिमित हानी झाली असून, ते जाहीर माफी मागेपर्यंत कोणीही ती लॉरी लावू नये आणि त्यांना कार्याला बोलावू नये. सभागृहात स्पीकर नव्हता. मागच्या ओळींत ठराव कोणालाच ऐकू आला नाही, म्हणून तो एकमताने मंजूर झाला.

अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "ठराव कोणी वाचला? रिकाम्या डब्याने? मग माझ्यापर्यंत पोचलाच नाही समज." पण लग्नसराई आली आणि लॉरीला एकही बोलावणं आलं नाही. चकोते कमी मावत होतेच.  मग एक दिवस रुक्मिणी वहिनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले.

"माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. त्या मुलीला मी न्हाऊ-माखू घातलंय. पत्रिका आली नाही रे, माधवा. तू सांग त्यांना. दोन शब्दांची तर माफी. तुझं ऐकतील."

माझं कोणी ऐकेल असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी कबूल झालो. पेढीवर रजा टाकून पुढच्या बुधवारी मी अण्णांबरोबर लॉरीत देवनहळ्ळीला निघालो.

सबंध रस्ता मी वाक्य जुळवत होतो. "अण्णा," अशी सुरुवात तीनदा केली. तीनदा त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं, कारण इंजिनात कुठेतरी काहीतरी वाजत होतं. किल्ल्याच्या तटापलीकडे लॉरी एका चकोत्याच्या बागेत वळली. झाडांना डोक्याएवढी फळं लागली होती. बागेतल्या कौलारू घरातून एक सत्तरीची बाई काठी टेकत बाहेर आली. ठेंगणी, कपाळ उघडं, चेहरा हुबेहूब अण्णांचा.

"माझी अक्का," अण्णा म्हणाले. "आई गेली तेव्हा मी दीड वर्षांचा. हिनेच वाढवलं."

वीस वर्षांच्या शेजारात या बहिणीचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी नमस्कार केला, "कशा आहात अक्का?" असं विचारलं. अक्का नुसत्या हसल्या.

"ऐकू येत नाही तिला," अण्णा म्हणाले. "दहा वर्षं झाली. आधी एक कान गेला, मग दुसरा. डॉक्टर झाले, वैद्य झाले. आता कोणी आलं की तिच्या कानाशी ओरडतं. तिला ते आवडत नाही. मला तर मुळीच नाही." लॉरीच्या मागचा फळका खाली सोडता सोडता ते बोलत होते. "एकदा लॉरी चालू ठेवून मी माल भरत होतो. ही फळीला हात टेकून उभी होती. एकदम म्हणाली, 'नागू, काहीतरी ऐकू येतंय रे.' इंजिन होतं ते. हाताने ऐकू येत होतं तिला. मी म्हटलं, इंजिन ऐकू येतं, तर मी का नाही?"

त्यांनी खोका फळक्याच्या कडेपर्यंत ओढून आणला. अक्का सवयीने एका पालथ्या टोपलीवर बसल्या आणि दोन्ही तळवे फणसाच्या फळीवर ठेवले. अण्णांनी बॅटरी जोडली, व्हॉल्व तापेपर्यंत थांबले. मग त्यांनी माइक उचलला. त्यांना माइकमध्ये बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते खाली, अगदी पोटातून, हळू बोलले.

"अक्का. मी नागू. जेवलीस का?"

बाग भरून तो आवाज आला. इतका जवळचा, इतका भारी, की माझ्या छातीच्या फासळ्यांना तो जाणवला. अक्कांनी डोळे मिटले. मान डोलावली.

"गुडघा कसा आहे? ते तेल लावतेस का? ह्या खेपेला तुझ्यासाठी लुगडं आणलंय. हिरवं."

असं ते बराच वेळ बोलत राहिले. बाजारभाव नाही, निवडणूक नाही. घरात बसून बहिणीशी बोलावं तसं. अक्का फळीवर हात ठेवून मान हलवत होत्या. मग अण्णांनी माइक खाली ठेवला आणि भुवया उंचावून त्यांच्याकडे पाहिलं.

"लख्ख!" अक्का म्हणाल्या. "लख्ख ऐकू आलं, नागू. गेल्या वेळेपेक्षा छान."

अण्णांचा चेहरा उजळला. तारा काढायला ते लॉरीच्या पलीकडच्या बाजूला गेले. ते दिसेनासे होताच अक्कांनी मला हाताने जवळ बोलावलं, तोंडाशी पदर धरला आणि माझ्या कानात कुजबुजल्या. पण बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. ती कुजबुज बागेच्या दुसऱ्या टोकाला पाणी देणाऱ्या गड्यालाही ऐकू गेली.

"मला काही कळत नाही हो. हाताला गुदगुल्या होतात, तेवढंच. पण त्याला सांगू नका. इतक्या लांबून येतो बिचारा. दर वेळी काहीतरी नवं करून आणतो."

पाणी देणाऱ्या गड्याने मान खाली घातली. त्याला हे नवीन नसावं. मी लॉरीकडे पाहिलं. पलीकडे तारेचा आवाज थांबला होता. अण्णांचे दोन पाय चाकाशेजारी जागच्या जागी दिसत होते. मग पक्कड पडल्याचा आवाज आला, ती उचलल्याचा आला, आणि अण्णा हात पुसत, मजेत शीळ घालत बाहेर आले. अक्कांसमोर बसले, बोटाने खोका दाखवला आणि खुणेनेच विचारलं: पुढच्या वेळी आणखी मोठा?

अक्कांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. एवढा.

चकोते भरून झाले. अक्कांनी आम्हाला जेवू घातलं, माझ्या पोरांसाठी दोन फळं दिली. परतीच्या वाटेवर माफीचा विषय मी काढला नाही. कशी आणि कोणाची मागायची, हेच मला आठवेना. लॉरी येलहंका ओलांडून पुढे आली, तेव्हा अण्णा समोर बघतच म्हणाले, "माधवा, 'लख्ख' म्हणाली ना ती?"

"हो."

"त्या शब्दावर तिचा आवाज कसा उघडतो, ऐकलास? लहानपणी मला हाक मारायची, ती अशीच. आता एरवी ती फारसं बोलत नाही. स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही ना, म्हणून लाजते." त्यांनी गिअर बदलला. "तेवढा एक शब्द बोलते. त्याच्यासाठी जातो मी."